हात कोणी बांधले?

"माझ्या हातात काही नाही, नियमांनी हात बांधलेले आहेत." केंद्र सरकारच्या नोकरीतील तीस वर्षांत हे वाक्य मी गुवाहाटीत ऐकले, लखनौत ऐकले, चेन्नईत ऐकले आणि दिल्लीत तर रोजच ऐकतो. भाषा बदलते, खुर्ची बदलते, वाक्य बदलत नाही. कनिष्ठ लिपिक ते म्हणतो आणि भारत सरकारचा सहसचिवही म्हणतो. मी स्वतः ते अनेकदा म्हटले आहे. आज मला त्या वाक्याविरुद्ध लिहावयाचे आहे, आणि सौम्य शब्द शोधीत बसण्याची माझी तयारी नाही. माझा आरोप असा की, हे वाक्य बहुतेक वेळा खरे नसते. ते खरे नाही हे म्हणणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते, कारण त्याने ते तपासलेले नसते. आणि न तपासण्यात त्याचा फायदा असतो.

आरोपाची सुरुवात स्वतःपासून करतो.

१९९८ सालची गोष्ट. पूर्वेकडील एका राज्याच्या राजधानीत आमच्या खात्याचे प्रादेशिक कार्यालय होते आणि आस्थापना शाखा माझ्याकडे होती. एका सोमवारी एक बाई भेटावयास आली. तिचा नवरा आमच्याच एका गोदामावर चौकीदार होता. चौदा महिन्यांपूर्वी तो सकाळी डबा घेऊन कामावर म्हणून निघाला. तो गोदामावर पोचला नाही आणि घरीही परतला नाही. पोलिसांत तक्रार झाली होती. शोध लागला नाही असा पोलिसांचा दाखलाही तिच्या पिशवीत होता. पगार बंद. घरी तीन मुले. नवऱ्याचे जे काही सरकारकडे असेल ते मिळावे, एवढेच तिचे मागणे होते.

बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या मुख्य लिपिकांनी, दोन दिवसांत टिपणी सादर केली. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे सात वर्षे ठावठिकाणा लागला नाही तरच बेपत्ता व्यक्ती मृत समजता येते. सबब कुटुंबनिवृत्तिवेतनाचा विचार सात वर्षांनंतरच करता येईल. टिपणी सुबक होती, कलमाचा क्रमांक बिनचूक होता. मी सही केली. बाईला स्वतः समोर बसवून, चहा देऊन, कायद्यापुढे आम्ही लाचार आहोत असे समजावून सांगितले. त्या रात्री मला जेवण गेले नाही. एका निष्ठुर यंत्रणेत सापडलेला मी एक सहृदय माणूस आहे असे वाटत राहिले, आणि खरे सांगायचे तर त्या वाटण्यात थोडे सुखही होते.

ती नंतरही येत राहिली, दोन-तीन महिन्यांनी एकदा. "काही झाले का?" एवढेच विचारी. मी मान हलवी.

अडीच वर्षांनी माझी बदली झाली. कार्यभार सोपविण्यापूर्वी कपाट आवरताना परिपत्रकांची एक जुनी फाइल हाती लागली. तीत निवृत्तिवेतन विभागाचे २९ ऑगस्ट १९८६ चे ज्ञापन होते. विषय होता बेपत्ता झालेल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांचे हक्क. कुटुंबाने पोलिसांत तक्रार नोंदवावी, शोध लागत नसल्याचा पोलिसांचा अहवाल जोडावा, क्षतिपूर्ती बंधपत्र लिहून द्यावे. मग थकलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि भविष्यनिर्वाह निधी द्यावा, आणि एक वर्ष लोटल्यावर ग्रॅच्युइटी व कुटुंबनिवृत्तिवेतनही द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. (पुढे ही मुदत सहा महिन्यांवर आली.) ती बाई पहिल्यांदा आली त्या सोमवारी हे ज्ञापन बारा वर्षांचे झाले होते. कपाट माझ्या खुर्चीपासून आठ फुटांवर होते.

बदलीपूर्वीच्या दहा दिवसांत मी ते प्रकरण मार्गी लावले. थकबाकी मिळाली. दरम्यान तिचा मोठा मुलगा आठवीतून शाळा सोडून बसस्थानकाजवळच्या एका हॉटेलात कपबशा विसळू लागला होता. रुपयांची थकबाकी देण्याची सोय सरकारी हिशेबात असते. त्या मुलाच्या शाळेची थकबाकी कोणत्या लेखाशीर्षाखाली द्यावयाची? बाईने दोन्ही हात जोडून माझे आभार मानले. जे तिचेच होते ते अडीच वर्षे अडवून ठेवणाऱ्याचे आभार.

आता प्रश्न असा की, मला कोणी बांधले होते? कायद्याने नाही, तो तर मोकळीक देऊन बसला होता. वरिष्ठांनीही नाही, त्यांच्यापर्यंत फाइल गेलीच नव्हती. मंत्री, आमदार, कंत्राटदार यांपैकी कोणाला त्या चौकीदाराचे नावही माहीत नव्हते. आपण बांधलेले आहोत अशी माझी धारणा होती, म्हणून मी शोधले नाही. आणि शोधले नाही म्हणून मी बांधलेलाच राहिलो. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना १९७८ चे नोबेल मिळाले, हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे: माणूस सर्वोत्तम उत्तर शोधत नाही, चालण्यासारखे पहिले उत्तर मिळाले की शोध थांबवितो. एम.ए.च्या परीक्षेत मी त्यावर चांगले उत्तर लिहिले होते. 'चालण्यासारखे' म्हणजे कोणाला चालण्यासारखे, हा प्रश्न मात्र त्या वयात मला पडला नव्हता. सात वर्षे हे उत्तर बडे बाबूंना चालले, मला चालले, कार्यालयाला चालले. ज्या एका व्यक्तीला ते चालणार नव्हते तिला टिपणीच्या कागदावर जागा नव्हती.

ही मनोवृत्ती आपोआप निर्माण झालेली नाही, हेही अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला मान्य केले पाहिजे. आमच्या खतावणीला एकच बाजू आहे. मी चुकीची मंजुरी दिली तर लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो, खुलासा मागितला जातो, दक्षता शाखेचे पत्र येते. मी चुकीचा नकार दिला तर काहीही येत नाही. चौकीदाराच्या बायकोला अडीच वर्षे हक्क नाकारल्याबद्दल मला कोणी साधा प्रश्नसुद्धा विचारला नाही. उलट त्या काळातील माझे गोपनीय अहवाल 'अत्युत्तम' आहेत. ज्या बाजारात एका मालाला जबर किंमत मोजावी लागते आणि दुसरा फुकट मिळतो, तेथे फुकटचा माल भरपूर खपणार. नकार फुकट आहे, म्हणून तो खपतो. आणि फुकटचा नकार देणाऱ्याला स्वतःच्या नजरेत दोषी ठरावयाचे नसते, म्हणून तो त्याला 'बंधन' असे भारदस्त नाव देतो.

या बंधनाचा मूळ दस्तऐवज तरी काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम, १९६४ यांतील तिसरा नियम प्रत्येक सरकारी नोकराने नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वाचलेला असावा अशी अपेक्षा असते. त्यात असे आहे की, वरिष्ठांच्या निर्देशानुसार करावयाचे काम सोडले तर कर्मचाऱ्याने आपल्या कर्तव्यात स्वतःच्या उत्तमोत्तम निर्णयबुद्धीनेच वागले पाहिजे. वरिष्ठांचे निर्देश सामान्यतः लेखी असावेत. तोंडी द्यावे लागले तर लगेच नंतर लेखी पुष्टी व्हावी, आणि ती मागून घेणे हे कनिष्ठाचे कर्तव्य आहे. त्याखालचे एक स्पष्टीकरण तर आमच्यापैकी बहुतेकांनी वाचलेलेच नसते. त्याचा आशय असा की, अधिकारांच्या वाटणीनुसार ज्या बाबतीत वरिष्ठांच्या आदेशाची किंवा मान्यतेची गरज नाही, त्या बाबतीत मान्यता मागून स्वतःची जबाबदारी टाळण्याची मुभा हा नियम देत नाही.

हे पुन्हा एकदा वाचावे अशी विनंती आहे. ज्या नियमपुस्तकाकडे बोट दाखवून आम्ही स्वतःला कैदी म्हणवितो, तेच पुस्तक सांगते की स्वतःच्या बुद्धीने वाग आणि विनाकारण वर विचारू नकोस. 'आदेशार्थ सादर' असे लिहून जी फाइल आम्ही वर ढकलतो, तिच्यातील निम्म्या बाबतींत ढकलणे हाच नियमभंग असतो. 'कृपया चर्चा करावी' हा समासातील शेरा तर आमच्या सेवेचा ध्वज म्हणून फडकवावा अशा योग्यतेचा आहे. चर्चा होते, तिची नोंद होत नाही, फाइल पुन्हा त्याच खालच्या टेबलावर येते आणि पंधरा दिवसांनी तोच शेरा घेऊन परत येते. पूर्वी हे कापडी फितीत बांधलेल्या फाइलवर होत असे. आता ई-ऑफिसवर होते. फाइल क्षणात वर जाते आणि क्षणात खाली येते, एवढाच फरक. एका फाइलने चारांहून अधिक पातळ्या चढू नयेत असे केंद्र सरकारने अलीकडच्या वर्षांत ठरविले आहे, ते चांगलेच झाले. पण पायऱ्या कमी केल्याने चढणाऱ्याची हौस कमी होत नाही.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात निकाल दिला. माजी मंत्रिमंडळ सचिव सुब्रमणियन यांच्यासह ८३ निवृत्त अधिकाऱ्यांची ती याचिका होती. नेमणुकीला किमान मुदत असावी, बदल्यांसाठी नागरी सेवा मंडळे असावीत आणि अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, ते लेखी नोंदवावेत, असे न्यायालयाने म्हटले. आम्ही सर्वांनी टाळ्या वाजविल्या. मीही वाजविल्या. मुदत आणि मंडळे या मागण्या रास्तच होत्या. पण तिसरी गोष्ट? तोंडी आदेशाची लेखी पुष्टी मागण्याची तरतूद आमच्या आचरण नियमांत आणि अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या नियमांत आधीपासून होती. देशातील सर्वांत सुरक्षित नोकरी असलेल्या वर्गाला, जे त्याच्या खिशातच होते ते मागण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, यात न्यायालयाचा गौरव असेल, आमचा नाही.

सरदार पटेलांनी ऑक्टोबर १९४९ मध्ये संविधान सभेत या सेवांची बाजू लावून धरली, तेव्हा त्यांचा मुद्दा नेमका हाच होता. माझा सचिव माझ्या मताविरुद्ध टिपणी लिहू शकतो, ते स्वातंत्र्य मी माझ्या सर्व सचिवांना दिले आहे, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. अनुच्छेद ३११ चे कवच आम्हांला मिळाले ते यासाठी: चौकशीशिवाय कोणी आम्हांला काढू शकत नाही, म्हणून आम्ही खरे बोलावे. आम्ही ते कवच घातले आणि त्यात शिरून झोपलो.

जाता जाता एक शब्दाची गंमत. 'नियम' हा शब्द बोली मराठीत 'नेम' होतो. आजी चातुर्मासाचा नेम धरीत असे. तो तिच्यावर कोणी लादलेला नसे. योगशास्त्रातही नियम म्हणजे साधकाने आपणहून पाळावयाची गोष्ट. आणि 'नेम' म्हणजे लक्ष्यही. स्वतः स्वीकारलेले, एका लक्ष्याकडे नेणारे बंधन, असा अर्थ ज्या शब्दात आहे त्याचा आम्ही सरकारी मराठीत साखळदंड केला. असो.

माझे सहकारी यावर उखडतील, आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. भीती काल्पनिक नाही. कोळसा खाणवाटपाच्या एका प्रकरणात २०१७ साली माजी कोळसा सचिवांना दोषी ठरविण्यात आले. त्यांनी स्वतः पैसे घेतले असा आरोपही नव्हता, आणि त्यांच्या वैयक्तिक सचोटीबद्दल चांगले बोलणारे सहकारी भरपूर होते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात त्या वेळी असे कलम होते की, लोकहिताशिवाय कोणाला आर्थिक लाभ झाला तर अधिकाऱ्याचा हेतू न पाहताही तो गुन्हा ठरू शकत असे. अशा कलमाखाली कोण धाडसाने सही करील, हा प्रश्न खोटा नव्हता. २०१८ च्या दुरुस्तीने संसदेने ते कलम काढून टाकले. प्रामाणिक अधिकाऱ्याला वर्षभरात चार बदल्या भोगाव्या लागतात, हेही मी पाहिलेले आहे. त्यातील दोन माझ्याच वाट्याला आल्या. मुलांच्या शाळा, आईवडिलांची आजारपणे, यांची किंमत मी ओळखतो.

पण हा युक्तिवाद करणाऱ्याला मी एकच विचारतो. आज दिवसभरात तुमच्या टेबलावरून गेलेल्या फाइलींपैकी कोळशाच्या खाणीची फाइल किती? बाकीच्या कशाच्या होत्या? रजा, वैद्यकीय देयके, निवृत्तिवेतन, अनुकंपा नियुक्ती, दाखले, पत्त्यातील बदल. यांत कोणत्याही मंत्र्याला रस नाही, कोणतेही तपासपथक येणार नाही. मोठ्या निर्णयांतील खऱ्या भीतीचे भांडवल करून छोट्या निर्णयांतील आळस खपविणे, हा आमचा जुना धंदा आहे. वाघ जंगलात आहे हे खरे, पण म्हणून परसातल्या विहिरीवर पाणी भरायला जायचे नाही, हे कोणते शौर्य?

साक्षांकनाचे उदाहरण घ्या. गुणपत्रिकेच्या प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का हवा म्हणून या देशातील तरुणांच्या किती पिढ्या कोणत्या कोणत्या दारात उभ्या राहिल्या! अधिकारी मूळ प्रत पाहतही नसे. लहान गावात राजपत्रित अधिकारी भेटणेच मुश्कील, म्हणून बनावट शिक्क्यांचा एक व्यवसायच निघाला होता. सर्वांना वाटे की हा कायदा आहे, त्यातून सुटका नाही. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने आपल्या बाराव्या अहवालात स्वप्रमाणनाची शिफारस केली. पुढे २०१३-१४ मध्ये केंद्राने खात्यांना कळविले की अर्जदाराची स्वतःची सही चालवून घ्यावी आणि मूळ प्रत शेवटच्या टप्प्यावर पाहावी. त्यासाठी संसदेचा कायदा बदलावा लागला नाही, घटनादुरुस्ती झाली नाही, आकाशही कोसळले नाही. ज्याला आम्ही भिंत समजत होतो तो पडदा होता. पत्र निघाले आणि तो बाजूला झाला. पण तोवर त्या पडद्यावर डोके आपटून घेणारे आम्ही नव्हतो, दाराबाहेरचे तरुण होते.

खरेदीतही तेच. 'सर्वांत कमी दराचीच निविदा' हे ब्रह्मवाक्य मानून आम्ही वर्षानुवर्षे गळकी छपरे आणि मोडकी फर्निचरे घेतली आणि दोष वित्तीय नियमांना दिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये वित्त मंत्रालयाने ठरावीक अटींवर, ठरावीक कामांत गुणवत्तेलाही तीस टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली. आजही बैठकीत ती वाचून दाखविली की समोरचे चेहरे असे होतात, जणू मी त्यांच्याकडून काही हिरावून घेतले आहे. हिरावलेच होते. सबब हिरावली होती.

आता दुसरी बाजू, आणि ती मला पहिलीपेक्षा अधिक टोचते. गेली काही वर्षे आमच्या प्रशिक्षणांत 'दृष्टिकोन बदला, जग बदलेल' हा पाठ जोरात आहे. वक्ते येतात, अर्धा भरलेला पेला दाखवितात, पिंजरा तुमच्या मनात आहे असे सांगतात. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे दाखले मराठी श्रोते दिसले की हमखास निघतात. दाखले खरे आहेत. फक्त त्या तिघांनीही तुरुंगाला तुरुंगच म्हटले, आणि कुलूप कोणी लावले आहे याबद्दल त्यांच्या मनात संभ्रम नव्हता, हे सांगावयाचे राहून जाते.

अशाच एका प्रशिक्षणात मागच्या रांगेत आमच्या कार्यालयातील डेटा एंट्री करणारा एक मुलगा बसला होता. एजन्सीमार्फत आलेला, अकरा महिन्यांचा करार, तोही पाचव्यांदा नूतनीकरण झालेला. त्याचे मानधन दोन महिने थकले होते. पिंजरा मनात आहे, असे त्याला सांगण्यात आले. चहाच्या वेळी मी वक्त्यांना म्हटले, "याचा पिंजरा मनात नाही, माझ्या टेबलावरच्या फाइलीत आहे." त्यांना ते विनोदी वाटले. मनोवृत्तीचा उपदेश ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला करावा. ज्याच्या हातात नाही त्याला तो करणे ही क्रूरता आहे, आणि व्यवस्थेच्या दृष्टीने सोयीची क्रूरता आहे.

अमर्त्य सेन यांनी या सोयीवर नेमके बोट ठेवले आहे. पिचलेला माणूस आपल्या अपेक्षा आपल्या परिस्थितीइतक्या आखूड करून घेतो. म्हणून त्याचे समाधान हे त्याच्या स्वातंत्र्याचे माप होऊ शकत नाही, असे ते म्हणतात. त्यांनी दिलेला एक दाखला विसरता येत नाही. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळ सिंगूर येथे एक आरोग्य पाहणी झाली. प्रकृती बरी नाही किंवा जेमतेम आहे असे सांगणारे विधुर ४८.५ टक्के निघाले. तसे सांगणाऱ्या विधवा अवघ्या २.५ टक्के. विधवा अधिक निरोगी होत्या असे त्यावरून कोणी समजू नये. तक्रार करण्याजोगे आपले काही असू शकते, हेच त्यांना ठाऊक नव्हते.

चौकीदाराची बायको कधी रडली नाही, भांडली नाही. "नशीब, साहेब," एवढे म्हणे. तिची शांतता मी तेव्हा तिचा समजूतदारपणा मानला होता. खरे तर दोघांचीही एकच धारणा होती, की काही करता येणार नाही. मात्र माझ्या त्या धारणेचा पगार दर महिन्याच्या अखेरीस बँकेत जमा होत होता, आणि तिच्या धारणेची किंमत तिचा मुलगा कपबशा विसळून देत होता.

म्हणून 'बंधन' आणि 'मोकळीक' या मनाच्या अवस्था आहेत असे मी म्हणतो, तेव्हा मी ते सर्वांविषयी म्हणत नाही. मी ते फक्त आमच्याविषयी म्हणतो, ज्यांच्याकडे सही आहे, शिक्का आहे, अनुच्छेद ३११ आहे आणि नियमांची कपाटे आहेत. आमच्या मनातला तुरुंग आम्हांला फारसा बोचत नाही. त्यात पंखा आहे, चहा येतो. त्याची शिक्षा दुसरेच कोणी भोगत असतात.

गेली दोन वर्षे माझ्या विभागात मी एक पद्धत ठेवली आहे. मंजुरीला कारण लिहावे लागते तसेच नकारालाही लिहावयाचे. नियमाचा क्रमांक, तारीख, आणि त्यात 'देऊ नये' असे नेमके कोठे म्हटले आहे ते. 'तरतूद नाही' हे कारण चालणार नाही. तरतूद नसणे आणि मनाई असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या देशातील निम्मे नकार या दोहोंच्या गोंधळावर जगतात. सुरुवातीला कुरकुर झाली. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानेही बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे देणे बंधनकारक केले आहे, हे दाखविल्यावर ती थोडी कमी झाली. पूर्ण गेलेली नाही.

मागच्या महिन्यात एका घटस्फोटित मुलीचे प्रकरण आले. वडील आमच्या खात्यातून निवृत्त झालेले, आई आधीच गेलेली. मुलीने घटस्फोटाचा अर्ज वडील हयात असताना केला होता, पण निकाल त्यांच्या मृत्यूनंतर लागला. कक्ष अधिकाऱ्यांनी नकाराची टिपणी तयार केली होती: घटस्फोट पालकांच्या हयातीत झालेला नसल्याने कुटुंबनिवृत्तिवेतन देय नाही. मी नियमाची तारीख विचारली. त्यांनी २०१३ चे ज्ञापन आणले. "त्यानंतरचे?" मी विचारले. ते गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक कागद घेऊन आले, जरा संकोचाने. १९ जुलै २०१७ चे ज्ञापन: अर्ज पालकांच्या हयातीत दाखल झाला असेल, तर निकाल नंतर लागला तरी चालेल.

"मग आता काय करू?" त्यांनी विचारले.

मंजुरीचा मसुदा त्याच संध्याकाळी तयार झाला आणि फाइल वित्त शाखेकडे गेली. काल ती परत आली आहे. समासात शेरा आहे, 'कृपया चर्चा करावी'. सोमवारी अकरा वाजता मी दोन्ही ज्ञापने घेऊन स्वतः जाणार आहे, आणि जे बोलणे होईल ते फाइलवर लिहिणार आहे.